चेहऱ्याबाहेरचा डोळा : कल्पसूत्राच्या पोथीतली चित्रं कशी बघायची

पश्चिम भारतातल्या जुन्या जैन पोथीचं पान पहिल्यांदाच बघणारा माणूस हमखास एकाच जागी अडखळतो. चेहरा पाऊण वळलेला, नाक सुईसारखं टोकदार, हनुवटी इवलीशी आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर, थेट हवेत. छाती फुगवलेली, कंबर मुठीत मावेल एवढी, मागे लालभडक रंग. ‘लहान मुलाने काढल्यासारखं वाटतंय’ हा शेरा यायला वेळ लागत नाही. सुरुवातीच्या काही कलाअभ्यासकांनीही भारदस्त शब्दांत तेच म्हटलं होतं: अजिंठ्याची थोर परंपरा उतरणीला लागली आणि इथे येऊन पोचली.

मला हा निवाडा पटत नाही. चित्रकाराला याहून वेगळं काढता येत नव्हतं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. आणि त्याला येत होतं याचा पुरावा याच पोथ्यांमध्ये सापडतो. तो पुढे येईलच. आधी पोथी कसली, ते बघू.

तेराव्या ते सोळाव्या शतकात गुजरात, राजस्थान, माळवा या भागांत श्वेतांबर जैनांनी ज्या ग्रंथाच्या सचित्र प्रती सपाटून करून घेतल्या, तो म्हणजे कल्पसूत्र. भाषा अर्धमागधी प्राकृत, कर्ते परंपरेप्रमाणे भद्रबाहू. ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात जिनांची, म्हणजे तीर्थंकरांची, चरित्रं: महावीरांचं सविस्तर, पार्श्वनाथ, नेमिनाथ आणि ऋषभदेव यांची बेताची, मधल्या तीर्थंकरांची नुसती भराभर उरकलेली. दुसऱ्या भागात गुरुपरंपरा, तिसऱ्यात चातुर्मासात साधूंनी कसं राहावं याचे नियम. चित्रं बहुतेक सगळी पहिल्या भागाच्या वाट्याला आलेली. नियमांची चित्रं काढणार तरी काय!

हा ग्रंथ एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायचा नसतो. पर्युषणात, म्हणजे चातुर्मासातल्या जैनांच्या मोठ्या पर्वात, साधू तो संघासमोर वाचतात. पूर्वी वाचत, आजही वाचतात. पोथी वाजतगाजत आणली जाते, तिची पूजा होते, ती एक रात्र घरी नेण्याच्या मानासाठी बोली लागते. महावीरजन्माच्या वाचनाच्या दिवशी त्रिशलामातेला पडलेल्या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा सर्वांना दाखवतात, त्यांच्याही बोल्या होतात. संवत्सरीला, म्हणजे पर्वाच्या शेवटच्या आणि मुख्य दिवशी, मूळ सूत्र सबंध वाचलं जातं. मजकूर सुमारे बाराशे श्लोकांएवढा, म्हणून त्याला बारसासूत्र असंही म्हणतात. वाचन चालू असताना समोरच्यांना चित्रं दाखवली जातात. ऐकणाऱ्यांपैकी अर्धमागधी कळणारे मोजकेच. मात्र कथा लहानथोरांना पाठ. अशा ठिकाणी चित्राने गोष्ट नव्याने सांगायची नसते, समोर कोणता क्षण आहे एवढं पटकन ओळखू आलं की त्याचं काम झालं. कमरेवर हात आणि पायाखाली वीट दिसली, की आपल्यालाही खाली नाव लिहिलेलं लागत नाही.

पोथी घडायची कशी, तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीच्या पोथ्या ताडपत्रावरच्या. जैसलमेरच्या ग्रंथभांडारातली इ.स. १०६० ची ओघनिर्युक्ती या साधूंच्या आचारावरच्या ग्रंथाची पोथी ही आज उपलब्ध असलेल्या सचित्र जैन पोथ्यांपैकी अगदी जुनी. ताडपत्राचं पान लांबलचक असतं, उंची मात्र जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. पानाला भोक पाडून त्यातून दोरी ओवायची. चित्राला उरायची ती मजकुराशेजारची छोटी चौकट, तिच्यात एखादी देवी, गुरू-शिष्य किंवा पोथी लिहवून घेणारं दांपत्य एवढंच मावे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागद चांगला रुळला. आता पान लांबट असण्याचं कारण उरलं नव्हतं, भोकाचं तर नव्हतंच. तरीही पोथी आडवीच राहिली, साधारण ११ बाय २६ सेंटिमीटर. आणि जिथे दोरीचं भोक असायचं, नेमक्या तिथे लाल किंवा सोनेरी टिकली रंगवायची रीत पडली. महागड्या पोथ्यांत त्या टिकलीभोवती निळ्या-सोनेरी नक्षीची चौकटही असते. पोथीने काहीही टाकून द्यायचं नाही, हा या मंडळींचा बाणा. चित्रांतही तो दिसतो.

आधी लेखक बसायचा, चित्रकार नंतर. लेखक चित्रापुरती जागा कोरी सोडत लिहीत जायचा आणि इथे काय काढायचं याची सूचना समासात बारीक अक्षरांत टिपून ठेवायचा. कधी दोन-चार रेघांचं इवलंसं रेखाटनही करायचा. काही पानांच्या कडेला ती टिपणं अजून शाबूत आहेत. पोथीच्या शेवटी या लेखकांचे ठरलेले श्लोक येतात. एकात पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली डोकं घालून लिहिल्याची तक्रार असते आणि मग विनवणी: ‘कष्टेन लिखितं ग्रन्थं यत्नेन परिपालयेत्’. दुसऱ्यात लेखक हात झटकून मोकळा होतो: समोरच्या पोथीत जसं दिसलं तसं उतरवलं, चूक निघाली तर माझ्या माथी मारू नका. चित्रकार मात्र स्वतःबद्दल बहुधा अवाक्षर काढत नाही. त्याचं नाव सापडणं हा अपवाद.

आता खुद्द चित्रांकडे वळू. तीर्थंकराच्या आयुष्यातले पाच क्षण मंगल मानले जातात, त्यांना पंचकल्याणक म्हणतात: च्यवन (स्वर्गातून मातेच्या गर्भात येणं), जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि मोक्ष. चोवीस तीर्थंकरांपैकी कोणीही घ्या, हे पाच क्षण चुकत नाहीत. मग चित्रं वेगळी कशाला? महावीरांच्या दीक्षेचं चित्र आणि पार्श्वनाथांच्या दीक्षेचं चित्र शेजारी ठेवलं तर मांडणी तीच. महावीर सोनेरी, पार्श्वनाथ निळे किंवा हिरवे आणि डोक्यावर नागाचा फणा, नेमिनाथ सावळे. फरक असला तर एवढाच. या तोचतोपणाचा आपल्याला कंटाळा येतो. भाविकाला त्यातून दिलासा मिळत असावा: युगं बदलली तरी मार्ग तोच.

महावीरांच्या कथेची सुरुवातच विलक्षण आहे. ते आधी देवानंदा नावाच्या ब्राह्मण स्त्रीच्या उदरी येतात. तीर्थंकर क्षत्रिय कुळातच जन्माला यायला हवा, म्हणून शक्र, म्हणजे इंद्र, आपल्या सेनापतीला, हरिनैगमेषीला पाठवतो. ८२ दिवस उलटून गेल्यावर रात्री तो गर्भ उचलून त्रिशला राणीच्या उदरात ठेवतो. चित्रात हरिनैगमेषी ओळखायला अगदी सोपा. धड माणसाचं, तोंड हरणाचं किंवा बोकडाचं, आणि हातांत जपून धरलेला गर्भ. पलंगावर आई झोपलेली. पण चित्रकाराने तिचे डोळे टक्क उघडे ठेवलेले, कारण या शैलीत डोळा हा असा मोठा आणि उघडाच असायचा. दिगंबर परंपरेला हे गर्भांतरण मान्य नाही. त्यामुळे पानावर बोकडतोंड्या सेनापती दिसला की पोथी श्वेतांबरांची, हे एक अक्षर न वाचता सांगता येतं.

पुढचं पान बहुधा चौदा स्वप्नांचं. खालच्या पट्टीत त्रिशला पलंगावर पहुडलेली. पलंगाचे कातीव पाय, लोड, चादरीवरची हंसांची रांग, छताला चांदवा. चित्रकार या कापडांवर जीव ओवाळतो. हंसांच्या आणि फुलांच्या नक्षीची ही वस्त्रं म्हणजे त्या काळच्या गुजराती कापडाचा नमुनाच. वरच्या भागात हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांची माळ, चंद्र, सूर्य, ध्वज, पूर्णकलश, कमळांचं सरोवर, क्षीरसागर, विमान, रत्नांची रास आणि धूर नसलेला अग्नी. सगळं मिळून तळहाताएवढ्या जागेत. सरोवर म्हणजे एक चौकोन आणि त्यात टोपलीच्या विणीसारख्या लाटा. रत्नांची रास म्हणजे ठिपक्यांची ढेरी. तरी एकही स्वप्न ओळखायला चुकत नाही.

दीक्षेच्या चित्रात महावीर अशोकवृक्षाखाली बसून स्वतःचे केस उपटताहेत आणि समोर इंद्र ते झेलायला हात पुढे करून बसलाय. पाच मुठींत सगळे केस काढायचे, हा पंचमुष्टी लोच. ऋषभदेवांनी चारच मुठी काढल्या असं कल्पसूत्र सांगतं, म्हणून त्यांच्या खांद्यावर बटा रुळतात आणि त्या त्यांची खूण ठरल्या. अशा बारकाव्याला मात्र चित्रकार पक्का असतो.

केवलज्ञानानंतर येतं समवसरण, देवांनी उभारलेली उपदेशाची सभा. इथे चित्रकार एकाच चौकटीत दोन ठिकाणांहून बघतो. सभेचे तीन गोल तट आणि चार दारं त्याला वरून, आकाशातून दिसतात. मधोमध बसलेले जिन मात्र समोरून. चारही कोपऱ्यांत एकमेकांची वैरी असलेली जनावरं शेजारी बसवलेली. जिनांचा उपदेश ऐकताना वैर गळून पडतं, हे सांगायला तेवढं पुरतं.

आणि शेवटी मोक्ष: विश्वाच्या माथ्यावर सिद्धशिला, ती पांढऱ्या चंद्रकोरीसारखी काढायची, वर ध्यानस्थ जिन. महावीरांचं निर्वाण पावापुरीला, कल्पसूत्राच्या गणनेप्रमाणे कार्तिकी अमावास्येला, म्हणजे आपल्याकडच्या आश्विन अमावास्येला. ज्ञानाचा दिवा मालवला, आता निदान तेलाचे लावू, म्हणून राजांनी त्या रात्री दीप लावले, असं कल्पसूत्रातच आलंय. जैनांची दिवाळी ती.

या मोक्षाच्या चित्रात एक गोष्ट खटकायला हवी. दीक्षेच्या वेळी अंगावरचे दागिने उतरवून टाकणारे महावीर इथे पुन्हा मुकुट, कुंडलं, बाजूबंद घालून बसलेले दिसतात. संन्यासी आणि दागिने? कारण चित्रकार वनात हिंडणाऱ्या महावीरांना काढतच नाहीये. तो देरासरातल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, मूर्तीला काढतोय, दागिन्यांची आंगी चढवलेल्या, पूजा झालेल्या. पोथी पूजेत ठेवायची होती, त्यातल्या प्रतिमेचंही दर्शनच घ्यायचं होतं.

मग तो डोळा? एक लोकप्रिय उत्तर याच धाग्यावरचं. श्वेतांबर मूर्तींना स्फटिकाचे वा मिन्याचे डोळे वरून बसवतात, ते पृष्ठभागाच्या थोडे वर येतात, बाजूने बघितलं तर पलीकडचा डोळा बाहेर आलेला दिसतो. चित्रकाराने तेच उतरवलं. उत्तर ऐकायला छान आहे, पण मला ते पुरतं पटत नाही. हाच डोळा १४५१ च्या ‘वसंतविलास’ या शृंगारकाव्याच्या पटावरही आहे, त्याचा मूर्तीशी काय संबंध? आणि त्याच्या कितीतरी आधी वेरूळच्या कैलास लेण्याच्या छतावरच्या जुन्या चित्रांत टोकदार नाकं आणि बाहेर सरकू लागलेला डोळा दिसतो. अजिंठ्यात पाऊण वळलेल्या चेहऱ्याला गोलाई होती, छायेने गाल भरला जायचा. पुढे छाया गेली, रेघ राहिली, चेहरा हळूहळू बाजूला वळत गेला. तसा वळला की पलीकडचा डोळा नाहीसा व्हायला हवा. पण पोथीने काहीही टाकायचं नाही! डोळा जागच्या जागी राहिला आणि गालच आत सरकला. सोळाव्या शतकात तो अखेर गेला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे महाभारताच्या आरण्यकपर्वाची १५१६ सालची सचित्र पोथी आहे, तिच्यात चेहरे सरळ एका बाजूने आणि डोळा एकच.

आता तो मघाचा पुरावा. कल्पसूत्राच्या पोथीला बऱ्याचदा शेवटी कालकाचार्यकथा जोडलेली असते. उज्जैनचा राजा गर्दभिल्ल कालक नावाच्या जैन आचार्यांच्या बहिणीला, साध्वी सरस्वतीला पळवून नेतो. समजावून, विनवून उपयोग होत नाही. तेव्हा कालक सिंधूपलीकडे जातात, तिथल्या शक सरदारांना, म्हणजे साहींना, भारतात यायला राजी करतात आणि त्यांची फौज उज्जैनवर आणतात. गर्दभिल्लाकडे एक मंतरलेली गाढवी असते. तिचं ओरडणं कानावर पडलं की शत्रू जागीच मरायचा. कालक निवडक धनुर्धाऱ्यांना उभं करतात आणि गाढवीने तोंड उघडताच ते बाणांनी गच्च भरून टाकतात. चित्रकारांचा हा अर्थातच आवडता प्रसंग. तटावर उभी गाढवी, वासलेलं तोंड, खालून बाणांचा पट्टा.

पंधराव्या शतकातल्या पोथ्यांत हे साही कसे काढलेत ते बघा. गोल चेहरे, बारीक तिरके डोळे, दाढी, डोक्यावर टोपी किंवा मुकुट, लांब अंगरखा, पायांत बूट. आणि अनेक पानांत दोन्ही डोळे चेहऱ्याच्या आत! नाकही सुईसारखं नाही. सुलतानांच्या दरबारांबरोबर इराणी धर्तीची चित्रं इकडे पोचली होती, तिथून हे चेहरे उचलले. एकाच चौकटीत डावीकडे साही बसलेत, उजवीकडे कालक. साहीचा चेहरा एका रीतीने, आचार्यांचा दुसऱ्या रीतीने; हात मात्र तोच, कुंचला तोच. म्हणजे पाऊण चेहरा नीट काढणं या माणसाला जमत होतं. ते त्याने परक्यांसाठी राखून ठेवलं, आपल्या माणसांना आपला डोळा दिला. याला अडाणीपण कसं म्हणायचं?

या कथेचा पुढचा भाग महाराष्ट्रात घडतो. कालकाचार्य प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला येतात. तिथला सातवाहन राजा कथेप्रमाणे त्यांचा भक्त. पर्युषणाचा मुख्य दिवस भाद्रपद शुद्ध पंचमी, पण त्याच दिवशी नगरात इंद्राचा उत्सव. राजा म्हणतो, दोन्हीकडे कसा हजर राहू? षष्ठीला करू या का? आचार्य सांगतात, पंचमी ओलांडता येणार नाही. मग एक दिवस अलीकडे? ते चालतं. तेव्हापासून चतुर्थी. म्हणूनच कल्पसूत्राच्या पोथीला ही कथा जोडायची: ज्या पर्वात पोथी वाचायची, त्या पर्वाची तिथी कशी ठरली ते त्यात आहे. आज श्वेतांबर मूर्तिपूजकांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येते, आपल्याकडे घरोघरी गणपती बसतात त्याच सुमारास. स्थानकवासी आणि तेरापंथी हे मूर्तिपूजा न करणारे श्वेतांबर पंथ मात्र पंचमीच पाळतात.

हा सगळा खर्च करत होतं कोण? प्रामुख्याने व्यापारी. तेराव्या शतकाच्या अखेरीस अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात घेतलं, पुढे तिथे स्वतंत्र सुलतानशाही आली. नव्या राजवटीतही श्रावकांचा, म्हणजे गृहस्थ जैनांचा, व्यापार चालू राहिला आणि पोथ्यांवरचं सोनं उलट वाढलं. १४३९ ची एक प्रसिद्ध पोथी मांडूची, १४६५ ची पार जौनपूरची. दोन्हीकडे राज्य सुलतानांचं. जौनपूरची पोथी तर हर्षिणी नावाच्या श्राविकेने करवून घेतली आणि ती शाईऐवजी सोन्याने लिहिलेली आहे. लाल पार्श्वभूमीची जागा गडद निळ्याने घेतली. हा निळा लाजवर्द या दगडाचा, तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. बऱ्याच पोथ्यांत आधी चित्राच्या जागेवर सोन्याचा वर्ख चिकटवून, मग भोवतीने निळा भरून आकृती मोकळ्या सोडलेल्या दिसतात. म्हणून अंगं सोनेरी.

एकच ग्रंथ पुन्हापुन्हा का करवून घ्यायचा, तर ज्या सात क्षेत्रांत दान करावं असं श्रावकाला सांगितलं आहे, त्यांत आगमग्रंथही आहेत. पुण्य लिहवून घेण्यात आणि साधूंना अर्पण करण्यात. किती वेळा वाचली गेली याचा हिशेब कोणी मागत नव्हतं. म्हणून पाटण, खंभात, जैसलमेर, अहमदाबादच्या ज्ञानभांडारांत कित्येक पोथ्या काल लिहिल्यासारख्या टवटवीत राहिल्या. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्यांची पूजा करायची प्रथा आहे, त्या निमित्ताने भांडारं उघडून झाडझूड होई. याचाही हातभार लागलाच.

एकोणिसाव्या शतकात बूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई सरकारसाठी पोथ्यांचा शोध घेतला, त्यांत जैन पोथ्या ढिगाने मिळाल्या. तो संग्रह आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पश्चिम भारतातल्या अशा पोथ्या आहेत. तिथले माजी संचालक मोतीचंद्र यांनी १९४९ मध्ये जैन चित्रांवर लिहिलेला ग्रंथ अभ्यासक अजून उघडतात.

सगळ्याच पोथ्यांचं नशीब असं नव्हतं. अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातली पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक पोथी समासांसाठी प्रसिद्ध आहे: मजकुराभोवती नर्तकी, वादक, घोडेस्वार, इराणी धाटणीच्या बागा. धर्मग्रंथाच्या कडेने एवढी मौज चाललेली दुसरीकडे क्वचितच दिसेल. तिची पानं सुटी होऊन वेगवेगळ्या संग्रहांत गेली. विसाव्या शतकात अशा किती पोथ्या उसवल्या गेल्या. चित्राचं पान निराळं विकलं की पैसे जास्त मिळतात, हा साधा हिशेब. नुसत्या मजकुराच्या पानांना गिऱ्हाईक नव्हतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांची खासगी निर्यात बंद केली, पण तोवर न्यू यॉर्क, क्लीव्हलंड, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांत सुटी पानं पोचली होती.

काचेत लावलेलं असं पान दिसलं तर चित्र बघून झाल्यावर शेजारच्या ओळींकडेही नजर टाकावी. अक्षरं देवनागरीच आहेत, पण एकाराची मात्रा वर नसून अक्षराच्या डावीकडे उभ्या रेघेसारखी येते, ही पडिमात्रा. तेवढं ध्यानात आलं की ‘तेणं कालेणं तेणं समएणं’ ही कल्पसूत्रात सतत येणारी सुरुवात लागू लागते. आणि मजकूर जुळवत गेलं तर कधीकधी गंमत दिसते: ओळी एका प्रसंगाच्या, चित्र पुढच्याच. लेखकाने सोडलेली जागा आणि चित्रकाराला आलेली पाळी यांचा मेळ बसलेला नसायचा, आणि कोणाची त्याबद्दल तक्रार नसायची.